पतसंस्थेत अलार्म बसवला, पण रात्री तो जागा असतो का? पॅनेल, झोन आणि मॉड्यूलच्या सेटिंगची सोप्या भाषेत माहिती

आज तालुक्यातल्या बहुतेक मोठ्या गावांत पतसंस्था, विकास सोसायटी, दूध संकलन केंद्र किंवा सराफी दुकानाच्या भिंतीवर एक पांढरी पेटी दिसते. बाहेर लाल दिव्याचा सायरन, आत आकड्यांचा कीपॅड. पेटी बसली, बिल निघालं, सभेत ठराव झाला आणि कमिटी निश्चिंत झाली, असंच बहुतेक ठिकाणी होतं.

खरं काम मात्र पेटी बसवल्यावर सुरू होतं. कुठला सेन्सर कधी बोंबलणार, वायर तोडली तर काय होणार, लाईट गेल्यावर किती तास चालणार, इंटरनेट बंद असेल तर खबर कुणाला आणि कशी जाणार, हे सगळं पेटीत भरावं लागतं. यालाच टेक्निशियन ‘प्रोग्रॅमिंग’ किंवा ‘कॉन्फिगरेशन’ म्हणतात. ते अर्धवट राहिलं तर अलार्म दिवसा चाचणीत छान वाजतो आणि नको त्या रात्री गप्प बसतो.

ठेवीदाराने यात का लक्ष घालावं?

बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण असतं. पतसंस्था आणि गावच्या विकास सोसायटीतल्या ठेवीला ते नसतं. बँकेचा ठेव विमाही बँक बुडाली तर कामी येतो, चोरीसाठी तो नाही. त्यात सोनेतारण कर्जाचं सोनं शाखेतच असतं. घरातल्या बाईचे दागिने, कुणाच्या लग्नासाठी जपलेली पाटली, सगळं त्या एका तिजोरीत. संस्थेने चोरीचा विमा काढला असला तरी रखवालीची सोय नीट चालू ठेवणं ही बहुतेक वेळा त्यातली अट असते. म्हणून ही बाब टेक्निशियनवर सोडून चालत नाही. चेअरमन, सचिव, शाखाधिकारी आणि ठेवीदार, सगळ्यांना चार गोष्टी कळायला हव्यात.

पेटीत असतं काय?

मधली मोठी पेटी म्हणजे पॅनेल. तो मेंदू. त्यात सर्किट, ट्रान्सफॉर्मर आणि एक बॅटरी असते. दारांवर चुंबकाचा सेन्सर, खोलीत हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर, तिजोरीवर कंपन ओळखणारा सेन्सर, काउंटरखाली पॅनिक बटण, शिवाय धुराचा सेन्सर, या सगळ्यांच्या वायरी पॅनेलकडे येतात. प्रत्येक वायर ज्या जागी जोडली जाते तिला ‘झोन’ म्हणतात.

साध्या पॅनेलला बहुधा ८ झोन असतात. आता एक शाखा डोळ्यांसमोर आणा. पुढचं शटर, मागचं दार, काउंटरचा हॉल, शाखाधिकाऱ्यांची केबिन, तिजोरीच्या खोलीचं दार, त्या खोलीतला पीआयआर, तिजोरीवरचा कंपन सेन्सर आणि दोन पॅनिक बटणं, म्हणजे ९ झालेच. मागच्या आवारात खताचं गोदाम असेल तर त्याचं शटर, खिडकी, आतला पीआयआर आणि धुराचा सेन्सर धरून १३. आठात तेरा बसत नाहीत. इथे एक्सपान्शन मॉड्यूल लागतं. ही वाढीव झोनची छोटी पेटी असते आणि ती पॅनेलला जोडली की आणखी ८ झोन मिळतात.

खर्च वाचवायला काही जण मॉड्यूल न घेता दोन-तीन सेन्सर एकाच झोनवर माळेसारखे जोडतात. चालतं ते, पण रात्री मोबाईलवर ‘झोन ५’ असा मेसेज आला तर चोर केबिनमध्ये आहे की गोदामात, ते कळत नाही. एक सेन्सर बिघडला की त्याच्याबरोबर बाकीचेही बंद ठेवावे लागतात. एक सेन्सर, एक झोन हा हिशोब धरावा.

झोनचा प्रकार चुकला की सगळं चुकलं

वायर जोडल्यावर पॅनेलला सांगावं लागतं की हा झोन कसा वागणार. मुख्य प्रकार असे :

- ये-जा करायचा झोन : पुढचं शटर. सकाळी शटर उघडल्यावर आत जाऊन कोड दाबायला ३० सेकंदांसारखी मुदत देतात. संध्याकाळी बाहेर पडायलाही थोडी मुदत असते.
- तात्काळ झोन : मागचं दार, खिडकी. उघडलं की लगेच सायरन. इथे मुदत दिली तर ती चोराला दिल्यासारखी होते.
- वाटेवरचा झोन : काउंटर हॉलचा पीआयआर. आधी शटर उघडलं असेल तर थांबतो, थेट हॉलमध्ये हालचाल झाली तर लगेच वाजतो.
- २४ तासांचा झोन : तिजोरीवरचा कंपन सेन्सर, धुराचा सेन्सर, पेट्यांची झाकणं. अलार्म चालू केलेला असो वा नसो, हे कायम जागे.
- मूक पॅनिक : काउंटरखालचं बटण. दाबल्यावर सायरन वाजत नाही, पण खबर बाहेर जाते. समोर हत्यार घेतलेला माणूस उभा असताना सायरन वाजणं कर्मचाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

सगळ्यात जास्त चूक तिजोरीच्या बाबतीत होते. कंपन सेन्सर साध्या झोनवर टाकला तर शाखा उघडी असताना तो झोपलेला असतो. तो २४ तासांवरच हवा. गॅस कटरने तिजोरी कापणाऱ्या टोळ्यांसाठी तापमान ओळखणारा सेन्सरही त्याच प्रकारात घालतात.

रुपयाचा रेझिस्टर आणि लाखाची तिजोरी

सेन्सरच्या वायरच्या शेवटाला एक छोटा रेझिस्टर लावतात. किंमत रुपया-दोन रुपये, पण वायर शाबूत आहे की नाही हे पॅनेलला त्याच्यामुळेच कळतं.

साधी जोडणी दोन गोष्टीच सांगते : वायर जोडलेली किंवा तुटलेली. दार बंद असताना जोडलेली, उघडल्यावर तुटलेली. मग कुणी दिवसा गिऱ्हाईक म्हणून येऊन कोपऱ्यात वायर सोलली आणि दोन्ही तारा एकमेकींना पिळल्या तर? पॅनेलला वाटतं दार बंदच आहे. रात्री दार सताड उघडलं तरी सायरन गप्प.

यावर उपाय दोन रेझिस्टरची जोडणी. समजा दोन्ही १ किलोओहमचे. दार बंद असताना पॅनेलला १ किलोओहम दिसतो, उघडल्यावर २ किलोओहम. वायर तोडली तर काहीच दिसत नाही आणि दोन तारा पिळल्या तर शून्य दिसतं. म्हणजे पॅनेल चार अवस्था ओळखतं : ठीक, चोरी, वायर तोडली, वायर पिळली. शेवटच्या दोन्हीला ‘टॅम्पर’ म्हणतात.

इथे दोन गोष्टी पाहायच्या. रेझिस्टर सेन्सरच्या पोटात हवेत, पॅनेलच्या पेटीत नाही. घाईत सगळे रेझिस्टर पॅनेलमध्येच लावून काम उरकलं जातं. तसं केलं तर मधल्या वायरची राखण होतच नाही. दुसरं म्हणजे रेझिस्टरची किंमत पॅनेलच्या माहितीपुस्तकात दिलेलीच हवी, आणि प्रोग्रॅमिंगमध्येही दोन रेझिस्टरची पद्धत निवडलेली हवी. जोडणी एक आणि सेटिंग दुसरी असेल तर एक तर खोटे अलार्म येतात, नाहीतर खरे येत नाहीत.

मॉड्यूलला घर नंबर हवा

एक्सपान्शन मॉड्यूल पॅनेलशी बहुधा चार तारांनी बोलतं. दोन तारा विजेच्या, दोन निरोपाच्या. याच तारांवर कीपॅड आणि इतर मॉड्यूलही असतात, म्हणजे एकाच गल्लीत अनेक घरं. पोस्टमनला घर नंबर लागतो तसा इथे प्रत्येक मॉड्यूलला वेगळा पत्ता द्यावा लागतो. काही मॉड्यूलवर तो बारीक स्विचनी ठरवतात, काहींचा कीपॅडवरून. दोन मॉड्यूलना एकच पत्ता दिला तर दोघंही एकदम उत्तर देतात आणि पॅनेल गोंधळतं. कधी एक दिसतं, कधी दोन्ही गायब.

पत्ता दिल्यावर पॅनेलमध्ये त्या मॉड्यूलची नोंद करावी लागते. नोंद झाली की पॅनेल त्याची सतत हजेरी घेतं. ‘मॉड्यूल हजर नाही’ ही खबर अलार्म म्हणून जायला हवी, हे सेटिंग आवर्जून विचारा. नाहीतर चोराने गोदामाकडची केबल तोडली तर गोदामाचे सगळे झोन एका फटक्यात जातात आणि कीपॅडवर फक्त एक पिवळा दिवा लुकलुकत राहतो.

निरोपाच्या तारा ओढण्याचीही पद्धत आहे. अनेक पॅनेलमध्ये आरएस-४८५ नावाची पद्धत वापरतात. तिच्यात केबल एका मॉड्यूलकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी ओळीने न्यायची असते. एका ठिकाणाहून चारी दिशांना फाटे फोडले तर निरोप अडखळतात. ओळीच्या दोन टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लागतो, काही मॉड्यूलवर तो आधीच असतो आणि नुसता जंपर लावायचा असतो.

मॉड्यूल लांब असलं की आणखी एक अडचण येते. समजा गोदाम १०० मीटरवर आहे आणि वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची. जाण्या-येण्याची मिळून २०० मीटर तांब्याची तार, म्हणजे साधारण ७ ओहम अडथळा. मॉड्यूल आणि त्यावरचे सेन्सर २०० मिलिअँपिअर घेत असतील तर वाटेतच १.४ व्होल्ट खर्ची पडतात. लाईट असताना हे जाणवत नाही. लाईट गेली, बॅटरी उतरत ११.५ व्होल्टवर आली की गोदामात १०.१ व्होल्टच पोचतात आणि मॉड्यूल बंद-चालू होऊ लागतं. ‘दिवसा सगळं ओके, रात्री गडबड’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. उपाय म्हणजे जाड वायर, किंवा गोदामातच स्वतःची वीज आणि बॅटरी असलेलं मॉड्यूल.

लाईट गेल्यावर काय?

बऱ्याच पॅनेलमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. सगळी यंत्रणा मिळून ३५० मिलिअँपिअर घेत असेल तर कागदावर २० तास निघतात. जुनी बॅटरी, उन्हाळ्याचा ताव आणि सायरनचा भार धरला तर हाती बरेच कमी लागतात. पावसाळ्यात डीपी जळाली आणि गावात दोन दिवस लाईट नसेल तर दुसऱ्या रात्री पॅनेल बंद. ‘बॅटरी कमी’ ही खबर मोबाईलवर येते का, हे म्हणूनच तपासावं.

दुसरी सवय तर घराघरांत आहे. संध्याकाळी शाखा बंद करताना शॉर्टसर्किट नको म्हणून शिपाई मेन स्विच पाडतो. पॅनेल त्याच लाईनवर असेल तर ते रोज रात्री बॅटरीवर चालतं आणि बॅटरी लवकर मरते. पॅनेल आणि राउटरसाठी मेन स्विचच्या आधीपासून वेगळी लाईन आणि वेगळा एमसीबी घ्यावा. हे काम वायरमन तासा-दोन तासांत करतो.

इंटरनेटला जोडताना

हल्लीच्या पॅनेलमध्ये नेटवर्क मॉड्यूल बसतं. त्यामुळे शाखा कधी उघडली, कुणी उघडली, कुठला झोन वाजला हे मोबाईलवर कळतं. सोय मोठी आहे, पण याच वाटेने बाहेरचा माणूसही आत शिरू शकतो.

२०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते. त्यासाठी त्याने मोठी हुशारी केली नव्हती. कंपनीतून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते, तेच त्याने एकामागून एक लावून पाहिले. म्हणून हे नियम पाळावेत :

- पॅनेल, राउटर आणि ॲप, तिन्हींचे मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.
- घरबसल्या दिसावं म्हणून राउटरवर पॅनेलचा पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवू देऊ नका. त्याऐवजी कंपनीचं अधिकृत ॲप किंवा व्हीपीएन वापरा.
- राउटरमध्ये पॅनेलचा आयपी पत्ता कायमचा ठरवून घ्या. वाय-फायऐवजी केबलने जोडा.
- गिऱ्हाइकांना दिलेलं वाय-फाय, काउंटरचे कॉम्प्युटर आणि पॅनेल एकाच नेटवर्कवर नकोत.
- पॅनेलचं घड्याळ भारतीय वेळेवर लावा. परदेशी वेळ राहिली तर नोंदीत साडेपाच तासांचा फरक पडतो आणि पोलीस तपासात रात्रीची घटना संध्याकाळची दिसते.

इंटरनेट ही एकच वाट ठेवू नये. फायबर केबल खांबावरून येते, ती कापायला पक्कड पुरते. म्हणून सिमकार्डची दुसरी वाट हवी. इथेही दोन खाचखळगे आहेत. जुनं टूजी मॉड्यूल असेल तर जिओचं सिम त्यात चालत नाही, कारण जिओचं नेटवर्क फोरजीपासूनच सुरू होतं. आणि सिम प्रीपेड असेल तर रिचार्ज संपल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. ते सिम कुणाच्या नावावर आहे आणि रिचार्जची तारीख काय, हे शाखेच्या वहीत लिहून ठेवा.

दोन्ही वाटा बंद पडल्या तर? काही टोळ्या मोबाईलचं नेटवर्क जाम करणारं यंत्र आणतात. अशा वेळी उपयोगी पडते ती ‘हजेरी’. पॅनेल ठराविक मिनिटांनी ‘मी आहे’ असा निरोप पाठवतं. तो थांबला की ॲपने किंवा निरीक्षण केंद्राने खबर द्यायला हवी. हे सेटिंग नेहमी आपोआप चालू असतंच असं नाही, मागून घ्यावं लागतं.

आणि खबर जाते कुणाला? यादीत पुण्यात राहणारे संचालक पहिले आणि गावातला शिपाई शेवटी, असं असेल तर उपयोग नाही. दहा मिनिटांत पोचू शकणारी माणसं आधी. त्यांनी एकट्याने आत जायचं नाही, ११२ ला फोन करायचा आणि शेजाऱ्यांना उठवायचं. ग्रामसुरक्षा दल असेल तर त्यांचा नंबरही यादीत घ्या. मशीनवरून थेट पोलिसांना फोन लावण्याआधी ठाण्यात जाऊन बोलून घ्या.

कोड सगळ्यांचा एक नको

पॅनेलला दोन तऱ्हेचे कोड असतात. टेक्निशियनचा कोड सेटिंग बदलतो, वापरकर्त्याचा कोड अलार्म चालू-बंद करतो. टेक्निशियनचा कोड ‘१२३४’सारखा कंपनीचाच राहिला तर माहितीपुस्तक वाचलेला कुणीही पॅनेल निकामी करू शकतो.

प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचा कोड द्या. मग कुणी किती वाजता उघडलं याची नोंद राहते. नोकरी सोडली की त्याच दिवशी त्याचा कोड काढा. ‘दबावाचा कोड’ही ठरवून घ्या. चोराने धमकावून अलार्म बंद करायला लावला तर हा कोड दाबायचा. अलार्म बंद झालेला दिसतो, पण गुपचूप खबर बाहेर जाते. तिजोरीच्या खोलीचा विभाग वेगळा ठेवला तर झाडलोट करणाऱ्याच्या कोडने हॉल उघडेल, तिजोरी नाही.

सगळ्यात घातक शब्द : बायपास

पीआयआर सेन्सरवर पाल फिरते, कोळी जाळं विणतो, तापलेल्या पत्र्याखाली हवा हलते. रात्री दोनला सायरन वाजतो, लोक उठतात, काहीच नसतं. तीन वेळा असं झालं की कुणीतरी वैतागून म्हणतं, तो झोनच बंद कर. यालाच ‘बायपास’ म्हणतात. काही पॅनेलमध्ये पुढच्या वेळी अलार्म लावताना तो आपोआप निघतो, काहींमध्ये मात्र तसाच राहतो. महिने जातात आणि मागची खिडकी उघडीच राहते, कुणाच्या ध्यानीमनी नसताना.

खोट्या अलार्मवर उपाय आहेत. सेन्सरची जागा बदला, भोक सिलिकॉनने बुजवा, पत्र्याच्या खोलीत दुहेरी तंत्राचा सेन्सर लावा. झोन बंद करावाच लागला तर कुणी, कधी आणि किती दिवसांसाठी, हे वहीत लिहा.

पुढच्या मासिक सभेत मागा

टेक्निशियनचं उरलेलं बिल देण्याआधी पाच गोष्टी हातात घ्या : झोनची यादी, मॉड्यूलच्या पत्त्यांची यादी, सेटिंगची बॅकअप फाईल, टेक्निशियनचा कोड बंद पाकिटात, आणि बॅटरी बसवल्याची तारीख. उद्या तो माणूस गाव सोडून गेला तर यांच्याशिवाय नवा टेक्निशियन पॅनेल पुसून पहिल्यापासून काम सुरू करतो.

मग दर तीन महिन्यांनी, यादीतल्या माणसांना आधी कळवून, संचालकांच्या समोर एवढी चाचणी घ्या :

१. प्रत्येक दार उघडून आणि प्रत्येक खोलीत चालून बघा. मोबाईलवर बरोबर त्याच जागेचं नाव आलं पाहिजे.
२. एका सेन्सरचं झाकण उघडा. टॅम्परची खबर आली पाहिजे.
३. गोदामाच्या मॉड्यूलची निरोपाची तार टेक्निशियनकडून काढून घ्या. खबर आली पाहिजे.
४. राउटर बंद करा. सिमच्या वाटेने खबर आली पाहिजे.
५. पॅनेलची लाईट बंद करून रात्रभर बॅटरीवर चालवा. सकाळी पॅनेल जागं असलं पाहिजे. त्या रात्री शाखेत माणूस ठेवा.
६. नोंदीत बायपास केलेले झोन शोधा.

या सहातली एक जरी चाचणी फसली, तरी बिघाड दुरुस्त होईपर्यंत शाखेत रात्रपाळीचा माणूस ठेवा. ठेवीदारांनीही वार्षिक सर्वसाधारण सभेत एवढंच विचारावं : ‘शेवटची चाचणी कधी झाली आणि वही कुठं आहे?’